हवेवरची गाडी

मिस्त्रीला गल्लीत कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला ‘होईल-मिस्त्री’ म्हणत. गाडी कुठलीही असो, दुखणं कसलंही असो, बॉनेट उघडायच्या आधीच हा म्हणणार, “होईल की! त्यात काय एवढं?” बऱ्याचदा व्हायचंही, खोटं कशाला बोला. पण ‘हे मला जमायचं नाही’ असं त्याच्या तोंडून उभ्या जन्मात कोणी ऐकलं नव्हतं. अरे बाबा, म्हणावं की माणसाने कधीतरी! जीभ काही झडत नाही.

त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे भावजी, आयुष्यभर एकाच मालकाकडे ड्रायव्हर होते. मालक थकले, गाडीही थकली, तेव्हा त्यांनी ती लांबलचक काळी गाडी भावजींनाच देऊन टाकली. एके काळी लोक मान वळवून बघायचे अशी गाडी. तिला लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या. चारही चाकांवर जाड रबराचे फुगे होते, एक छोटा पंप त्यांत हवा भरायचा आणि त्या हवेवर अख्खी गाडी तरंगायची. खड्डा आला तरी आत बसलेल्याला नुसता झोका लागायचा.

भावजींना हाडांचं दुखणं लागलं आणि ती शोभेची गाडी एकदम गरजेची झाली. मणके आतून पोखरले होते. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, “एक मोठा दणका बसला तर पाय जातील. जपा.” आठवड्यातून दोनदा इस्पितळाची वारी. एकदा भाड्याच्या गाडीतून नेलं, तर घरी पोचेपर्यंत भावजींनी ओठ चावून रक्त काढलं होतं. तेव्हापासून जायचं ते याच गाडीतून, आणि चालवायची मिस्त्रीनेच.

एके दिवशी सकाळी ताईचा फोन आला. “अरे, गाडी एका अंगाला बसलीय. मागचं डावं चाक पार आत गेलंय. आज न्यायचंय ना यांना!”

“होईल की,” मिस्त्री म्हणाला.

गेला, गाडीखाली शिरला, फुग्यावर साबणाचं पाणी मारलं. रबराच्या घडीतून बुडबुडे यायला लागले. घडीलाच चीर गेली होती. रबर जुनं झालं की तिथेच फाटतं, कारण चाक वरखाली होताना फुगा तिथेच दुमडतो. अशा जागी ठिगळ टिकत नाही, हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. नवा फुगा परदेशातून मागवावा लागणार, तीन-चार आठवडे तरी जाणार. तोवर गाडी उभी ठेवायची, हा एकच शहाणपणाचा मार्ग होता.

बाहेर येऊन तो ते सांगणारच होता. पण ताई पदराला हात पुसत समोर उभी, खिडकीत भावजी, आणि दोघंही त्याच्या तोंडाकडे बघतायत. आता या दोघांना ‘नाही’ कसं म्हणायचं?

“किरकोळ आहे,” तो म्हणाला. “तासाभरात करतो.”

त्याने ट्यूबचं पंक्चर काढतात तसं ठिगळ लावलं, वर सोल्युशनचा जाड थर दिला. गाडी उठली. ताईचा जीव भांड्यात पडला आणि याची छाती फुगली. मग हात शिवशिवतच होते, म्हणून त्याने पुढचे दिवे काढले. उन्हाने त्यांच्या काचा पिवळ्या, दुधाळ झाल्या होत्या. काचा कसल्या, प्लास्टिकच ते. कडेच्या रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून चिकटपट्टी लावली, पाणी मारत आधी खरखरीत आणि मग बारीक पॉलिश पेपर फिरवला, शेवटी मलम लावून कापडाने घासलं आणि वर लाखेचा पातळ हात दिला. दिवे असे लखलखले की शेजारीपाजारी बघायला आले.

“नवीच दिसतेय रे!” ताई म्हणाली. दिवे सगळ्यांना दिसतात. फुगा कुणाला दिसतोय?

दोन खेपा सुखरूप झाल्या. तिसऱ्या वेळी चालता चालता स्टिअरिंगसमोर पिवळा दिवा लागला. गाडी आपल्या परीने ओरडत होती की हवा जातेय, पंप दमलाय. ताई मागे भावजींचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिचे डोळे लगेच तिकडे गेले. “ते काय पेटलंय?”

“वायरीचा दोष. जुन्या गाड्यांना असतोच.”

त्या दिवसापासून ताईचा डोळा त्या दिव्यावरून हटेना. दिवा लागला की तिचा चेहरा पांढराफटक. शेवटी मिस्त्रीने काय करावं? चीर नाही, दिवा दुरुस्त केला. स्टिअरिंगसमोरचं पॅनेल उघडून त्या दिव्याचा बारका बल्ब काढला आणि खिशात घातला. काय म्हणावं या माणसाला! वाईट मनाने नाही केलं हो, बहिणीचा घोर मिटावा म्हणूनच केलं. नवा फुगा मागवायचं रोज मनात यायचं, पण ठिगळ धरून होतं, मग बघू पुढच्या आठवड्यात.

मग एका संध्याकाळी इस्पितळातून परतताना दिवे सुरेख पडले होते. वळणापलीकडचा गतिरोधकही लांबूनच दिसला. मिस्त्रीने वेग अगदी कमी केला. पुढची चाकं अलगद उतरली. मागची उतरताना फट्‌ असा आवाज झाला आणि गाडीचा मागचा भाग दगडासारखा खाली आदळला.

भावजी ओरडले नाहीत. नुसतं “आई गं” म्हणाले, तेही हळू. मग थोड्या वेळाने म्हणाले, “अगं, माझ्या पायांवर हात ठेव बरं.”

“ठेवलाय की,” ताई म्हणाली.

नंतरचे दिवस इस्पितळातच गेले. पाय गेले ते गेलेच. डॉक्टर म्हणाले, आता पाठीवर पडून राहायचं, आणि किती दिवस ते विचारू नका. ताई येईल त्याला सांगत होती, “माझा भाऊ होता म्हणून निभावलं. दुसरा कोणी असता तर भरधाव नेली असती. गाडीच जुनी, त्याला तो काय करणार?” मिस्त्री खाली मान घालून ऐकायचा. अन्न गिळवत नव्हतं. एकदा ताई औषधं आणायला खाली गेली, तेव्हा तो पलंगाजवळ सरकला.

“भावजी, एक बोलायचं होतं.”

“बल्बचं ना?” भावजी म्हणाले.

मिस्त्रीचा हात आपसूक खिशाकडे गेला.

“वीस वर्षं ती गाडी चालवली रे मी. चावी फिरवली की समोरचे सगळे दिवे एकदा लागतात आणि विझतात. तू चावी फिरवलीस आणि तो एक लागला नाही. आडवा असलो तरी मान वळवली की सीटांमधून समोरचं दिसतं. पहिल्याच दिवशी दिसलं मला.”

“मग बोलला का नाहीत? शिव्या घालायच्या होत्या! कानाखाली मारायची होती!”

“म्हटलं, हा आपणहून सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल.” भावजींनी डोळे मिटले. “तू बोलला असतास तर घरीच पडून राहिलो असतो मी. वाट बघत राहिलो.”

मिस्त्रीने पलंगाची दांडी घट्ट धरली. रडू फुटत होतं, पण इथे रडायचा हक्क आपला नाही, एवढं त्याला कळत होतं. “ताईला सांगतो. आत्ताच सांगतो, वर आली की.”

“खबरदार!” आजारपणात पहिल्यांदाच भावजींचा आवाज चढला. “तुझं मन हलकं होईल, आणि तिचं काय? मी आता आज ना उद्या जाणार. तिला पोरंबाळं नाहीत, सासर नाही, माहेर म्हणजे तू एकटा. तेवढंही काढून घेतोस तिचं? गप्प बसलास ना इतके दिवस? आता जन्मभर बस.”

तेवढ्यात ताई आली. औषधांची पिशवी टेबलावर ठेवली, भावाच्या पाठीवरून हात फिरवला आणि भावजींना म्हणाली, “बघा ना, खात-पीत नाही हा, वाळून चाललाय नुसता. तुमचं किती मनाला लावून घेतलंय त्याने.” मग त्याच्याकडे वळून म्हणाली, “डॉक्टर शुक्रवारी घरी न्या म्हणतायत. रुग्णवाहिकेवर माझा विश्वास नाही बाबा. तू गाडी नीट करशील ना तोवर?”

मिस्त्रीने भावजींकडे पाहिलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

“नाही ताई,” तो म्हणाला. “मला नाही जमायचं ते.”

ताई हसली. किती दिवसांनी हसली! “चल, काहीतरीच,” ती म्हणाली, “तुला न जमायला काय झालं?” आणि तिने गाडीची चावी त्याच्या हातात ठेवून मूठ मिटली.