न वाळणारा काळा लेप

कट्.

दुपारचं घर अगदी गप्प होतं. घरातली छोटी चिमणी नुकतीच झोपली होती. तेवढ्यात हा एवढासा आवाज झाला आणि तिची आई हातातली घडी टाकून स्वयंपाकघरात धावली. तिनं एकेक कप उजेडात धरून पाहिला, बशा उलट्यासुलट्या केल्या. सगळं धड होतं. "भास झाला असेल," असं पुटपुटत ती परत गेली.

भास नव्हता तो, मित्रांनो. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे, गाडी ठेवायच्या खोलीत, मी तडकले होते.

मी एका जुन्या मोटारीची समोरची काच आहे. मी एक दिसत असले तरी दोन पातळ काचांची आहे, मध्ये साईसारखा पारदर्शक पापुद्रा. भट्टीत तापवून मला साच्यावर हलकेच वाकवलं. मग रबराच्या चौकटीत बसवलं आणि रबराच्या खाचेत एक काळा, मऊ लेप भरला. तो लेप कधीच वाळत नाही. मला तेव्हा त्याची किळस यायची. एवढी देखणी मी आणि जन्माचा सोबती हा चिकट काळतोंड्या!

माझे मालक म्हणजे चिमणीचे आजोबा. गाडी सुरू करण्याआधी ते पुढे वाकत, माझ्यावर आतून "हाऽ" करून वाफ सोडत आणि बाहीनं पुसत. अगदी रोज. "काय लख्ख काच ठेवलीय!" असं लोक म्हणत, तेव्हा मालक माझ्याऐवजी स्वतःच लाजत. त्यांची लेक मागच्या सीटवरून ओरडायची, "बाबा, शाळा भरली!"

एका हिवाळ्यात मालक गेले. गाडीवर जाड कापड पडलं आणि अकरा वर्षं कुणी ते उचललं नाही. रबर सुकून सुरकुतलं. कोळ्यांनी वायपरला घर मानलं.

आणि त्या काळोखात, एके दिवशी पहाटे, माझ्या आतल्या अंगावर वाफ धरली.

तळहाताएवढा तो डाग होता. स्टिअरिंगच्या समोर, मालकांच्या तोंडाच्या उंचीवर. गाडीची दारं कुलूपबंद होती. मला दोन्ही अंगांनी दिसतं, मित्रांनो, म्हणून सांगते, सीटवर कोणीही नव्हतं. मी बाहीची वाट पाहिली. बाही आली नाही. डाग कडेकडेनं आटत गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा तिथेच होता. मला भीती वाटली, आणि सवयही झाली.

मागच्या वर्षी लेक, जावई आणि चार वर्षांची चिमणी या घरात राहायला आले. कापड निघालं. तो डाग पहिल्यांदा चिमणीनंच पाहिला.

"आई, कोणीतरी हाऽ केलं."

लेक दारातच थिजली. मग हळूहळू पुढे आली आणि डागावर बाहेरून हात ठेवला. "आजोबा असंच करायचे," एवढंच ती म्हणाली. पण त्या दिवसापासून तिचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. गाडी अंगणात काढली की पावसाचं पाणी सुकलेल्या रबरातून आत झिरपायचं. बोटानं दाबलं की मी डुगडुगायचे. जावई म्हणाला, "काढून दुसरी टाकू या का?" तर ती त्याच्यावर अशी खेकसली, की बिचाऱ्यानं पुन्हा विषय काढला नाही.

एकदा चिमणीला झोपवून ती खोलीत आली. दुकानातला सगळ्यात कडक गम तिनं आणला होता. एकदा धरला की न सोडणारा. स्टिअरिंगकडच्या खालच्या कोपऱ्यात रबर उचलून तिनं तो ठासून भरला. भरताना पुटपुटत होती, "आता कुठे जायचं नाही. ऐकलंत ना?" ती माझ्याशी बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवसापर्यंत तो गम दगड झाला. दुपारी जावयानं ब्रेक पाहायला पुढचं एक चाक जॅकवर उचललं. गाडीचं अंग पिळलं. माझे तीन कोपरे काळ्या लेपात अलगद सरकले. चौथ्याला सरकता आलं नाही.

कट्.

संध्याकाळी काचवाले काका आले. त्यांनी कोपरा नखानं टोकरला. "हे कोणी केलं?"

"मी नाही हं!" जावई लगेच म्हणाला. "माझ्या नावावर आधीच बरंच आहे."

"मी केलं," लेक म्हणाली.

"ताई, गम चांगलाच आहे. पण हा नव्या गाड्यांचा. तिथे काच सरळ पत्र्याला चिकटवतात, तिथे हाच लागतो. तुमची काच रबरातली. खड्डा आला की या गाडीचं अंग पिळतं, तेव्हा काचेला केसभर सरकायला जागा हवी. तुम्ही तिचा पायच धरून ठेवलात."

"मग चारही बाजूंनी पक्की करून टाका ना," जावई म्हणाला.

"मग चारही कोपरे तडकतील, साहेब. एकावर भागत असेल तर बघा!"

लेक हसली नाही. "ती सुटायला नको होती मला."

"सुटत नाही हो. रबर धरतं तिला. लेप फक्त पाणी अडवतो. मात्र हा दगड कापताना तडा वाढू शकतो, आधीच सांगतो. वाढला तर काच गेली. अशी दुसरी मिळायची नाही."

त्यांनी बॉनेटवर दोन डबे ठेवले, एक कडक गमाचा, एक मऊ लेपाचा. लेकीनं कडक डबा उचलला. बराच वेळ हातात धरला.

"मऊ लावला तर काच पुन्हा निघेल?"

"कधीही काढता येईल. तुमची मुलगी म्हातारी झाली तरी."

तिनं डबा खाली ठेवला आणि मऊ डबा काकांकडे सरकवला.

पातळ पात्यानं काका तो गम कणाकणानं कापू लागले. तडा नखभर पुढे धावला. कोणी श्वास घेईना. मग तो थांबला. मला बाहेर काढून त्यांनी नवं रबर चढवलं, रबराच्या खाचेत दोरी घातली, कडेला साबणाचं पाणी लावलं. लेक आत जाऊन मालकांच्या सीटवर बसली. बाहेरून काका मला थापटत होते, आतून ती दोरी ओढत होती आणि रबराची ओठासारखी कड पत्र्यावर चढत होती.

दोरी स्टिअरिंगसमोर आली, तेव्हा माझ्या आतल्या अंगावर वाफ धरली. लेकीचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी पाहिलं.

शेवटी काकांनी रबराखाली काळा लेप भरला. तडाही त्यातच झाकला गेला. मित्रांनो, त्या काळतोंड्याच्या कुशीत परत जाताना मला रडू फुटायचं तेवढं राहिलं. तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं कोणी असेल, तर त्याची काळजी घ्या. कोरड्या फडक्यानं खसाखसा घासू नका, रबर सुकू देऊ नका. आणि धरून ठेवायचं झालं, तर आधी त्याला हलायला किती जागा लागते ते विचारा.

काका गेले. लेक अजून आतच होती, दोरी गुंडाळत. चिमणी उघड्या दाराशी आली. तिनं डागाकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, तू आजोबांना आत कोंडलं होतंस?"

लेकीच्या हातातली दोरी थांबली. माझ्यावरचा डाग अजून आटला नव्हता.