निखिलची चकती

निखिलनं भाजलेली शेवटची काच म्हणजे वीतभर रुंदीची एक निळी चकती. तीन पातळ काचा एकावर एक ठेवून विजेच्या भट्टीत त्या एकजीव केलेल्या. चकती साच्यावर ठेवून पुन्हा भाजली की तिचा वाडगा होणार होता. दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं त्यातच ठेवायची, असं तो म्हणाला होता. दुसऱ्या भाजणीआधीच मोटारसायकलच्या अपघातात तो गेला.

वर्षश्राद्ध झाल्यावर, २००३ साली, ती भाजणी त्याच्या बहिणीनं, मनीषानं केली. दिवस मुद्दाम खंडेनवमीचा निवडला. रायापुरातले कारखाने त्या दिवशी बंद असतात, वीज कमी-जास्त होत नाही. साडेअकराला काच वाकून साच्यात बसली. आता मंद आचेवर तीन तास मुरवायची, मग सावकाश निववायची. शेवटी भट्टी आपोआप बंद होणार होती.

"अप्पा, मी हुबळीला मावशीकडं जाऊन येते. उद्यापर्यंत भट्टीचं दार उघडू नका."

"नाही गं. मी काय लहान आहे?" तिचे वडील, यशवंतराव, म्हणाले.

संध्याकाळी ती परतली तेव्हा भट्टी बंद होती. दारावर हळदकुंकू, वर झेंडूचा हार.

सकाळी तिनं दार उघडलं. वाडगा अखंड होता.

"बघ! उगीच जीव टांगणीला लावून घेतलास," अप्पा हसले.

तिनं तो दोन्ही हातांनी उचलला. टण्ण! धक्का लागला नव्हता, काही पडलं नव्हतं. वाडग्याचे सरळ दोन तुकडे तिच्या हातांत होते.



"काल वीज गेली होती?" तिनं विचारलं.

"छे. मी भट्टीचा मेन स्विच काढला होता, पूजेसाठी. बाराला."

"बाराला?"

"खंडेनवमीला यंत्र चालू ठेवून पूजा करतात होय? दाराला हात लावला नाही मी. तुझी शपथ."

"मग परत लावला कधी?"

"लावलाच नाही. एक दिवस तरी विश्रांती नको यंत्राला?"

मनीषा तुकड्यांकडे बघत राहिली. काच फार लवकर थंड झाली होती; आतला ताण तसाच राहून ती तडकली होती.

"माझ्यामुळं फुटला?"

ती नाही म्हणेल याची वाट बघत ते उभे होते.

"हो, अप्पा."

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. तिनं तुकडे दिले नाहीत.

"कड धारदार आहे," ती म्हणाली. "हात कापेल."