मावशींनी न केलेली प्रार्थना

चर्चच्या मंडळीत कुणाचं काही बिनसलं की पहिला फोन मावशींना जायचा, पाळकसाहेबांना दुसरा. नातवाची परीक्षा, सुनेचं बाळंतपण, जावयाची दारू, सगळं मावशींच्या कानावर. "मावशी, तेवढं प्रार्थनेत आठवा हं," म्हटलं की लोक मोकळे आणि मावशी अडकलेल्या. देवाचा आणि त्यांचा घरोबा आहे, तो त्यांचा शब्द खाली पडू देत नाही, असा सगळ्यांचा समज. घरोबा खरंच होता म्हणा. रोज सकाळी उठल्या उठल्या त्या देवाशी बोलायच्या, ते सख्ख्या बहिणीशीही कधी बोलल्या नसतील इतक्या मोकळेपणाने.

मग त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे सगळ्यांच्या काकांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवायचं, पुसायचं, चादरी धुवायच्या. मुलगी लांब राहणारी, तिचं येणं फोनवरूनच. सुरुवातीला मावशी गुडघे टेकायच्या आणि तिथेच पलंगाच्या कडेला डोकं टेकून झोपी जायच्या. पुढे गुडघे टेकणंही सुटलं. देवावर राग धरायला तरी जीव लागतो, तोही उरला नव्हता. बोलायला आतून काही यायचंच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

फोन मात्र थांबले नाहीत. "हो, करते हं प्रार्थना," मावशी म्हणायच्या आणि फोन ठेवून काकांची चादर ओढायला लागायच्या. नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. रोज एक खोटं वाढत होतं, आणि ते पाठीतल्या कळेपेक्षा जास्त दुखत होतं. 'माझ्यावर विसंबू नका' असं पाळकसाहेबांना सांगून टाकायचं ठरवूनही महिना लोटला होता.

अशाच एका दुपारी दारात प्लंबर उभा राहिला. हातात संत्र्यांची पिशवी. हा गडी चर्चमध्ये यायचा तो तिथला नळ गळायला लागला तरच. उपासनेला त्याला कुणी बघितलं नव्हतं. पण तीन आठवड्यांपूर्वी बायकोच्या पोटात गाठ निघाली, ऑपरेशन ठरलं, तेव्हा कुठूनसा नंबर मिळवून त्यानेही मावशींना फोन केला होता.

"काल घरी आणलं तिला," तो म्हणाला. "गाठ साधी निघाली. चालते, फिरते, मला शिव्या घालते. सगळं पूर्ववत."

"बरं झालं रे बाबा."

"तुमच्यामुळे, मावशी. साडेतीन तास ती आत आणि मी बाहेर बाकावर. मेव्हण्याला सांगत होतो, घाबरू नकोस, तिकडे मावशी गुडघ्यावर आहेत."

मावशींना तो दिवस चांगला आठवत होता. त्या बाथरूममध्ये चादर घासत होत्या. आता नुसतं हसल्या असत्या तरी भागलं असतं. संत्री ठेवून तो गेला असता. पण त्याचे डोळे भरून आले होते. खोटं बोलायलाही बळ लागतं, आणि मावशी पार थकल्या होत्या.

"मी नाही केली प्रार्थना," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी नाही, कुणासाठीच नाही. कित्येक महिने झाले. मला येतच नाही आता. सगळ्यांना हो म्हणते आणि काही करत नाही. ती संत्री घेऊन जा."

प्लंबर पिशवीकडे बघत राहिला. आता हा चारचौघांत बोभाटा करणार, मावशींना वाटलं. करू दे. त्यांना हलकंही वाटत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही.

"मग मी काय बडबडत होतो?" तो स्वतःशीच पुटपुटला.

"कुठे?"

"त्या बाकावर. मला कुठे प्रार्थना येते, मावशी? डोळे कधी मिटायचे तेही ठाऊक नाही. मी आपलं एकच धरून बसलो होतो. देवा, मावशी काय सांगतायत तेवढं ऐक. साडेतीन तास, दुसरं काही नाही."

मावशी मटकन स्टुलावर बसल्या. आधी त्यांना हसू आलं. बिचारा देव! इकडून हा सांगतोय मावशींचं ऐक, आणि मावशींकडून नुसता चादर आपटल्याचा आवाज. मग हसता हसताच रडू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना.

प्लंबर गांगरला. रडणं काही पाना लावून थांबवता येत नाही. "मावशी, मी काय करू? सांगा तरी."

"काकांची कूस बदलायची वेळ झाली," मावशी नाक पुसत म्हणाल्या. "खांद्याला धर."

एकट्या मावशींना दहा मिनिटं लागायची, ते काम दोघांनी एका दमात केलं. प्लंबरने पाठीमागे उशी लावली, ती पुन्हा काढून नीट लावली. "उद्याही येतो याच वेळेला," तो म्हणाला. "आणि तुम्ही बोललात ते माझ्याजवळच राहील."

"कशाला? रविवारी मीच सांगणार आहे सगळ्यांना."

तो गेल्यावर त्या पलंगापाशी बसल्या. गुडघे टेकायचं त्राण नव्हतं म्हणून खुर्चीतच, काकांचा डावा हात हातात घेऊन. पाठ तशीच ठणकत होती. दोन तासांनी पुन्हा उठायचंच होतं. पण खोलीत आपण दोघंच नाही आहोत, हे त्यांना किती दिवसांनी जाणवलं, आणि त्या जाणिवेने फार बरं वाटलं.

"मी तर काहीच सांगितलं नव्हतं, देवा," अखेर त्या हळूच म्हणाल्या. "तेही ऐकलंस तू."