सुगंधाबाईचा उजवा कान

थाळी उजवीकडे वाजली. सुगंधाबाईनं बोट डावीकडे दाखवलं. गर्दी हळहळली आणि बेशरमाच्या झुडपाच्या लवचिक फोकेचे पाच फटके तिच्या पाठीवर पडले.

गावच्या बोडीतले, म्हणजे लहान तळ्यातले, मासे पोटं वर करून तरंगले होते, त्याचा हा तपास. तपास अधिकारी धनराज महाराज, भद्रावतीहून एसटीच्या अर्ध्या तिकिटावर आलेले. पद्धत सोपी होती. डोळ्यांवर पट्टी, मान नवऱ्यानं गच्च धरलेली, आजूबाजूला थाळ्या; आवाजाची दिशा चुकली की बाई चेटकीण.

"चेटकिणीच्या कानात भूत बसते, दिशा समजू देत नाई," महाराज म्हणाले. "आपल्याले कोसावरची पाल कुठी चुकचुकली तेही समजते."

तिसऱ्या चुकीला पाठ फुटली. फटके मारणाऱ्या पोचूनं मोटारसायकलमधून बाटलीभर पेट्रोल काढलं. आरोग्य उपकेंद्राच्या रुपाली सिस्टरनं पोलिसांना फोन केला होता. जीपला तास लागणार होता. पेट्रोलला तेवढा लागत नाही.

ह्याच बाईच्या उजव्या कानात सिस्टरनं वर्षभर थेंब घातले होते. 'चौकटीवर पडली' म्हणे. गालावर मात्र बोटं उमटली होती.

"महाराज, तुमची शक्ती आमालेही दिसू द्या," सिस्टर म्हणाली. महाराज फुलले. पट्टी बांधून तिनं त्यांच्या उजव्या कानात व्हॅसलीन लावलेला बोळा दाबून बसवला.

"हे काऊन?"

"भुताले आडकाठी."

सिस्टरनं त्यांची मान धरली. थाळी उजवीकडे वाजली, बोट डावीकडे गेलं. पुन्हा तेच.

"म्हणजे चेटक्या हाच व्हय," पोचू म्हणाला आणि फोक महाराजांवर उगारली. गाव अजून थकलं नव्हतं. सिस्टर मध्ये पडली. फटका तिच्या मनगटावर बसला.

"ह्यांच्या कानात भूत नाई, कापूस हाय. उजवीकडचा आवाज उजव्या कानात जरासा आधी, जरासा मोठा पोचते. दोन कानांतल्या त्या फरकावरून डोक्स्याले दिशा समजते. एक कान बंद, तर फरक कशाचा काढन? सुगंधाबाईच्या कानाचा पडदा फाटला हाय. कसा, ते देवाजीभाऊ सांगतीन."

देवाजीनं बायकोच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली. "मीच झापड हाणलो होतो. दारू पेऊन."

पोचूनं बाटलीला झाकण लावलं.

उजवीकडच्या वळणामागे जीपचा हॉर्न वाजला. महाराज जीव घेऊन पळाले, थेट उजवीकडेच. बोळा अजून कानातच होता.

बोडीचं पाणी तपासायला गडचिरोलीला गेलंय. तोवर तुम्ही घरी एवढं करा. एक कान घट्ट बंद करा, डोळे मिटा, मान हलवू नका आणि कुणाला तरी टाळी वाजवायला सांगा. चुकाल. त्या चुकीला शिक्षा किती, ते हातात फोक नसताना ठरवा.