दीपगृहाची वेळ

दर्यावर्दी कधी समुद्रावर गेलेलाच नाही, असा संशय चाळणीला पहिल्याच आठवड्यात आला. आणि तिला आलेला संशय जागच्या जागी बसत नसे, त्याला पाय फुटत.

सहलींच्या त्या छोट्या ऑफिसात दोघांची टेबलं एकमेकांना चिकटून होती. शेजारच्या किनारी देशाच्या सहली हा ऑफिसचा मुख्य धंदा. प्रत्येक सहलीआधी प्रवाशांच्या हातात चार पानी पत्रक पडे: ‘निघण्यापूर्वी एवढं वाचा’. मजकूर दर्यावर्दीचा. तो तपासून, नीट मांडून छपाईला पाठवणं हे चाळणीचं काम. दोघांची नावं ऑफिसनेच पाडलेली. तो साठीला टेकलेला, किनाऱ्याविषयी काहीही विचारा, तयार उत्तर देणारा, म्हणून दर्यावर्दी. ती विज्ञानाची पदवी घेऊन नुकतीच लागलेली, दुसऱ्याच्या लिहिण्यातले खडे वेचणारी, म्हणून चाळणी. तोंडावर ती त्याला काका म्हणे. मनातल्या मनात उंटावरचा शहाणा म्हणे.

पत्रक मात्र वाचण्यासारखं असे, हे तिलाही नाकारता येत नव्हतं. शेवाळलेल्या खडकावर पाय ठेवू नका. वाळूत पडलेल्या जेलीफिशला मेली म्हणून हात लावू नका, ती मेल्यावरही डंख मारते. पाण्याने आत ओढलं तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहा. बंदरातल्या जकातीच्या इमारतीचे फोटो काढू नका, उगाच चौकीत बसावं लागेल. आपला फोन पिशवीत बांधून बसमध्येच ठेवा, वाळू आणि खारं पाणी दोन्ही त्याचे वैरी. आणि होडी हिरव्या टोपीवाल्याचीच घ्या.

हिरव्या टोपीवाल्याचीच का? किनाऱ्यावर बाकीचे होडीवाले काय हवा खायला बसलेत? चाळणीला वाटलं, इथे कुठंतरी पाणी मुरतंय.

मग तिने पाळत ठेवली. दर्यावर्दीच्या टेबलावर ऑफिसचा फोन होता, तरी सहलीआधी दोन दिवस तो स्वतःचा फोन घेऊन जिन्यात जाई. तोंडावर हात धरून कुजबुजे. परत येताना मुठीत चिठ्ठी असे. ती खणात जाई, खणाला कुलूप लागे. एवढं जपायला त्या खणात काय सोनं होतं?

एकदा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “काका, तिथली वाळू कशी आहे हो? काळी की पांढरी?”

“वाळूसारखी.”

“म्हणजे?”

“म्हणजे बुटात जाते. अगं, कामं नाहीत का तुला?”

“नाही, तुम्ही इतक्यांदा गेलाय, म्हणून म्हटलं.”

“मालकीणबाईंना सांगितलंय मी, तो किनारा मला तळहातासारखा ठाऊक आहे. तुला वेगळा दाखला हवाय?”

त्याने उत्तर दिलं, पण मान वर केली नाही. चाळणीने ते टिपून ठेवलं. प्रयोगशाळेतल्या सवयीने तिच्याकडे एक वही होती. तिच्या एका पानावर वर ‘काका’ असं लिहिलेलं होतं.

त्या पानावरची सगळ्यात मोठी नोंद झाली ती जुनी पत्रकं चाळताना. शेवटच्या पानावर ‘पाहण्याची ठिकाणं आणि वेळा’ असा तक्ता असे. वस्तुसंग्रहालय दहा ते पाच. किल्ला नऊ ते सहा. मत्स्यालय दहा ते सहा, सोमवारी बंद. सहाही पत्रकांत हे अगदी सारखं. पण खाली दीपगृह होतं, आणि त्याची वेळ एकदा सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, एकदा दुपारी तीन ते पाच, एकदा सकाळी सात ते नऊ, एकदा साडेबारा ते अडीच, पुन्हा एकदा साडेनऊ ते साडेअकरा, आणि सहाव्यात चार ते सहा.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? एकाच गोष्टीचं सहा वेळा मोजमाप घेतलं आणि पाच वेगळे आकडे आले, तर दोष त्या गोष्टीचा नसतो, मोजणाऱ्याचा असतो. हे तिला तीन वर्षं घोटून शिकवलं होतं. माणूस मनाला येईल ती वेळ ठोकून देत होता.

तेवढ्यात दर्यावर्दीला मोतीबिंदू काढायला दहा दिवस सुट्टी घ्यावी लागली. जाताना त्याने तिच्या टेबलावर पाकीट ठेवलं. आत पुढच्या सहलीचं पत्रक होतं आणि त्याला टाचलेली चिठ्ठी: दीपगृह, सकाळी साडेसात ते साडेनऊ. खाली दोनदा रेघ.

“सातवी वेळ,” चाळणी स्वतःशीच म्हणाली. तिने चिठ्ठी वहीत ठेवली, आणि सहांतली जी वेळ दोनदा आली होती ती, म्हणजे साडेनऊ ते साडेअकरा, तक्त्यात घातली. तेवीस प्रती छापून आल्या. त्यांतल्या दोन तिच्याच घरी गेल्या, कारण त्या सहलीत तिची आई आणि मावशी होत्या.

“या कागदात लिहिलंय तसंच करायचं ना?” आईने बॅग भरताना विचारलं होतं.

“अगदी तसंच. मी स्वतः तपासलंय.”

“मग झालं,” मावशी म्हणाली. “तुझी आई तर दूधवाल्याच्या घड्याळावरही विश्वास ठेवत नाही. तुझ्यावर तरी ठेवील.”

सहल किनाऱ्यावर पोचण्याच्या दिवशीच दर्यावर्दी कामावर परतला. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात औषधाच्या थेंबांची बाटली. दहाला दहा मिनिटं होती. त्याने खुर्ची ओढली, पत्रक डोळ्यांजवळ धरून चाळलं, शेवटच्या पानावर थांबला. मग चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका सांगितलं असणार.

“ही वेळ कुणी घातली?”

चाळणी याच क्षणाची वाट पाहत होती. तिने वही पुढे ओढली. “मी. काका, आधी मला हे सांगा, सहा पत्रकांत दीपगृह उघडण्याच्या पाच वेगवेगळ्या...”

“दीपगृह उघडत नाही, बाई! ते गेली कित्येक वर्षं बंदच आहे! वाट उघडते!”

“कसली वाट?”

“वाळूची. दीपगृह खडकावर आहे, समुद्रात. ओहोटी लागली की वाळूची वाट वर येते, लोक चालत जातात, बाहेरून बघतात आणि परत येतात. दोन तास, बस. मग भरती. आणि ओहोटीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. आज साडेनऊला वाट बुडायला लागणार होती.” त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “आणि तू त्यांना साडेनऊला पाठवलंस.”

भरती-ओहोटी चाळणीला ठाऊक होती. चंद्र, गुरुत्वाकर्षण, आकृतीसकट परीक्षेत लिहिली होती. पण संग्रहालय आणि मत्स्यालय यांच्या खालच्या ओळीत ती बसली असेल, असं तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

“मग तसं लिहिलं का नाही तुम्ही? ओहोटी असा एक शब्द!”

“लिहिलं होतं. मालकीणबाईंनी खोडलं. ओहोटी-भरती वाचलं की लोक घाबरतात, सहल रद्द करतात, नुसती वेळ लिहा म्हणाल्या. फोन लाव आधी!”

तिने आईला फोन लावला. वाजत राहिला. मावशीचा वाजत राहिला. सहलीबरोबरच्या माणसाचाही वाजत राहिला, आणि तिच्या लक्षात आलं, सगळे फोन पिशव्यांत बांधून बसमध्ये ठेवले असणार. पत्रकात लिहिल्याप्रमाणे. तिने तपासल्याप्रमाणे.

दर्यावर्दीने जिन्यात जाण्याची तसदी घेतली नाही. स्वतःचा फोन तिथेच टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला.

“अरे, मी बोलतोय. माझी माणसं आलीत का तिकडे? निळी बस?”

पलीकडे वारा घोंघावत होता. त्यातून मोडक्यातोडक्या पण आपल्याच भाषेत उत्तर आलं. “आली ना. मी ओरडलो, जाऊ नका. त्यांनी कागद दाखवला. छापलेला कागद! माझं कोण ऐकतो?”

“कुठे आहेत आता?”

“बाकी सगळे पोचले, खडकावर. दोन बायका मागे राहिल्या. वाटेच्या मध्यात. एक बसलीय, दुसरी तिला ओढतेय.”

“बसलेली गुडघे धरून बसलीय का?” चाळणी ओरडली. “ती माझी आई आहे!”

“पाणी आत्ता नडगीपर्यंत,” आवाज म्हणाला. “बसलीय म्हणजे मग कमरेपर्यंत. जातो मी.” फोन तसाच कुठेतरी आपटला गेला. पाठोपाठ लाकूड घासल्याचा आवाज आला, कुणाला तरी मारलेली हाक, मग नुसता वारा.

दोघं त्या वाऱ्याकडे कान लावून बसले. चाळणीने हिशेब मांडून पाहिला: भरतीचं पाणी सुरुवातीला हळू चढतं, मग वेगाने, मधल्या दोन तासांत सगळ्यात जास्त. हे तिला पाठ होतं. त्याचा आता काडीचा उपयोग नव्हता, उलट त्रासच होता.

“त्याला तुम्ही केव्हापासून ओळखता?” काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं.

“बारा वर्षं. आपल्याकडे बांधकामावर होता तरुणपणी, भाषा तिथली.” मग तो म्हणाला, “ओळखतो म्हणजे आवाजावरून. तोंड कधी पाहिलेलं नाही.”

“म्हणजे तुम्ही...”

“नाही गेलो. कधीच नाही. मला बस लागते, होडीचं नावच काढू नकोस.” त्याने पाणावलेले डोळे रुमालाने टिपले. औषधाने असेल, नाहीतर कशानेही असेल. “नोकरी हवी होती, ठोकून दिलं की किनारा माहीत आहे. मग भीती बसली, कुणी बुडलं तर? म्हणून प्रत्येक खेपेला त्याला विचारतो. जे जाऊन आलेत ते आठवणीवर लिहितात. मला आठवण नाही, म्हणून विचारावंच लागतं.”

वहीतल्या त्या पानावरची पहिलीच नोंद, काका कधी समुद्रावर गेलेलेच नाहीत ही, खरी निघाली होती. अशी खरी निघण्यापेक्षा ती खोटी निघाली असती तर बरं, असं चाळणीला वाटलं.

सत्तावीस मिनिटांनी फोनमध्ये खरखर झाली. ओल्या हातांनी कुणीतरी तो उचलला.

“हॅलो? मी बोलतेय.” आईचा आवाज. दात वाजत होते. “आहोत गं. दोघी आहोत. चपला गेल्या.”

चाळणीला हुंदका फुटला. आई पलीकडून म्हणाली, “रडू नकोस, माझंच रडून व्हायचंय अजून. पायाखालची वाळू सरकत होती, काय सांगू तुला. कमरेपर्यंत पाणी, आणि तुझी मावशी म्हणतेय उठ, साडेअकरापर्यंत वेळ आहे, कागदात लिहिलंय! हा टोपीवाला आला नसता तर... कोण आहे गं तो गाढव, ज्याने ही वेळ छापली?”

दर्यावर्दीने तिच्याकडे पाहिलं. ‘मी’ असं तो म्हणू शकला असता. त्याने ओठ हलवलेही. पण चाळणी आधी बोलली.

“मी, आई. काकांनी बरोबर लिहिली होती. मी बदलली.”



“तू?” आईचा आवाज खाली आला. “हे मावशीला आत्ता सांगू नकोस. ती मघापासून त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय. त्यातल्या सहा आमच्याच आहेत.”

ती हसली नाही. चाळणीलाही हसू आलं नाही. आईने घरी येऊन बोलू म्हटलं आणि फोन परत दिला. खडकावर अडकलेल्यांना हिरव्या टोपीवाल्याने चार खेपांत आणलं.

दुपारी मालकीणबाई तणतणत बाहेर आल्या त्या थेट दर्यावर्दीच्या टेबलाशी. सहलीबरोबरच्या माणसाने त्यांना कळवलं होतं.

“तळहातासारखा ठाऊक आहे म्हणे! डोळे गेले का तुमचे?”

“एक गेला होता, काढून बसवला,” दर्यावर्दी म्हणाला.

“मॅडम, चूक माझी आहे,” चाळणी उठून उभी राहिली. “आणि एक तुमचीही आहे. ओहोटी हा शब्द तुम्ही खोडला.”

मालकीणबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, आधीपासूनच शंका असल्यासारखं. “उद्या बघते तुझ्याकडे,” म्हणाल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी नोकरी राहिली, पण महिनाभर तिचं एकही पान मालकीणबाईंनी वाचल्याशिवाय छपाईला गेलं नाही. तक्त्यात मात्र आता ओहोटी हा शब्द होता, ठळक अक्षरांत.

पुढच्या सहलीआधी दोन दिवस दर्यावर्दीने खण उघडला, स्वतःचा फोन तिच्यापुढे सरकवला आणि थेंब घालायला मान मागे टाकली. “आज तू विचार. मला चार वाजेपर्यंत धूसर दिसणार.”

तिने नंबर लावला. पलीकडे तोच वारा.

“ते कुठायत?” होडीवाल्याने विचारलं.

“इथेच आहेत. डोळ्यांत औषध घातलंय. या शनिवारची वेळ हवी होती.”

“तुम्ही कोण?”

तिने सांगितलं.

“म्हणजे त्याच ना, वेळ बदलणाऱ्या?”

“हो. मीच.”

त्याने एकेक शब्द सुटा करून वेळ सांगितली, कुठून कुठपर्यंत, आणि त्या दिवशी वारा समुद्राकडून असेल तर पाव तास आधीच परत फिरायला सांगा, असंही.

“लिहिलं?”

“लिहिलं.”

“वाचा.”

तिने वाचून दाखवलं.

“आता फोन त्यांना द्या,” होडीवाला म्हणाला. “वेळ त्यांच्या तोंडूनही ऐकू दे.”