दुधीचं बारसं

"हरंल त्यानं आत्या व्हायचं! पदर घिऊन, भर चौकात, दुधीचं बारसं!" बाळासोनं परड्याच्या भिंतीवरून आरोळी ठोकली.

"आनि घुगऱ्या बी त्यानंच वाटायच्या!" केरबानं टाळी दिली.

दोघेही पन्नाशी ओलांडलेले शेजारी. दसऱ्याला ज्याचा दुधी लांब, तो जिंकला. केरबा गालातल्या गालात हसत होता. शहराच्या मैलापाणी केंद्रावर तो पंप चालवायचा. तिथला वाळलेला गाळ म्हणजे काळं लोणी! चार पोती त्यानं गुपचूप वेलाला घातली होती.

वेल मात्र त्याच्या बायकोचा, बयाबाईचा. दरसाल ती चिंधीत बी बांधून ठेवायची. ती जाऊन दोन वर्षं झाली. शेवटच्या चिंधीत तीन बिया निघाल्या, त्यातली एकच रुजली. ड्युटीला निघताना केरबा रोज दुधीला वीत लावायचा. "वाढ गं, तुझ्या इज्जतीचा सवाल हाय."

दसऱ्याला आठवडा उरला आणि केंद्रातल्या लॅबच्या मोना मॅडमनी हाक मारली.

"केरबामामा, गाळ कुणी घरी नेलाय का? पारा निघालाय त्यात."

"पारा? कुठनं आला त्यो?"

"शोधतोय. कुणीतरी सोन्याची धूळ पाऱ्यानं धुऊन गटारीत सोडत असेल."

केरबानं चार पोती कबूल केली. "दुधी न्हाय खात मॅडम. बी तेवढं धरतो."

मॅडम घुटमळल्या. "त्या बीची खात्री मी नाही देऊ शकत, मामा. वेल, माती, सगळं इकडं आणून द्या."

संध्याकाळी त्यानं वेल मुळासकट उपटला, दुधी-मातीसकट पोत्यात भरला.

बाळासो भिंतीवरनं बघतच राहिला. "आरं, माझ्यापरास दीड वीत लांब हुता की! ऱ्हाऊ दे, पैज मोडली."

"वेल न्हाय, दुधी न्हाय. हरलो," केरबा म्हणाला. "पैज ती पैज."

दसऱ्याला चौकात हलगी कडाडली. पाळण्यात बाळासोचा बुटका दुधी, डोक्यावर कुंची. ट्रंकेतलं हिरवं लुगडं नेसून केरबा ठुमकत आला. मिशीवर पदर बघून बायका हसून लोळल्या.

तो वाकला. "कुर्रर्र!"

"नाव काय ठेवलं, आत्याबाई?" बाळासो ओरडला.

केरबा दुधीच्या कानाशी तसाच थांबला. मग हळूच म्हणाला, "बया."

हलगी थांबली.

"घ्या की घुगऱ्या," केरबा म्हणाला. लोकांनी हात पुढं केले. त्यानं एका हातानं सगळ्यांना वाटल्या.

दुसऱ्या हातातली पाळण्याची दोरी काही त्यानं सोडली नाही.