जुन्या कार्डाचा फ्लॅग

ग्राफिक्स ड्रायव्हरच्या कोडमधले जुने फ्लॅग काढून टाकायचं काम टॅमसिनकडे होतं आणि त्यात ती दयामाया दाखवत नसे. जी ग्राफिक्स कार्डं कधीच भंगारात गेली, त्यांचा कोड बिल्डमध्ये, म्हणजे तयार होणाऱ्या प्रोग्राममध्ये, घ्यायचा की नाही हे ठरवणारे हे फ्लॅग, नुसती अडगळ. रीत मात्र पाळावी लागे. आधी सगळ्यांना मेल टाकायचा, कुणी वापरतंय का? दोन आठवडे थांबायचं. एकानेही हो म्हटलं, तर हात लावायचा नाही.

लीथ दर वर्षी हो म्हणायचा. लीथ तिचा नवरा, म्हणजे पूर्वीचा. होबार्ट शहरातलं घर सोडून तो ह्युऑनविल गावी गेला त्याला नऊ वर्षं झाली, बोलणं केव्हाच बंद झालेलं. पण दर मार्चात त्यानेच कधीकाळी कोड लिहिलेल्या एका जुनाट कार्डाच्या फ्लॅगबद्दल तिचा मेल गेला, की तासाभरात त्याचं उत्तर हजर: "मी वापरतोय. राहू दे." तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मुद्दाम छळतोय, असं ती सोबत काम करणाऱ्या नायरीला सांगायची.

यंदा जानेवारीत लीथ हार्ट अटॅकने गेला. मार्चात तिने रीतीप्रमाणे मेल टाकला. दोन आठवडे झाले, तीन झाले. आता कुणाची वाट बघतेयस, असं नायरीने हळूच विचारलं.

शेवटी काढण्याआधी एकदा तिने तो फ्लॅग चालू करून बिल्ड लावला. इतक्या वर्षांत हे केलंच नव्हतं. वापरणारा सांगतोय ना, मग तपासायचं कशाला? बिल्ड मिनिटभरात बंद पडला. त्याला लागणारं एक फंक्शन कुणीतरी कधीच काढून टाकलं होतं. कुणी काढलं ते तिने बघितलं, तर तिचंच नाव. सात वर्षांपूर्वीचं.

तिने नायरीला फोन लावला. "अगं, तो वापरतच नव्हता. सात वर्षं कुणाला वापरताच आला नसता."

"मग हो कशाला म्हणायचा?" नायरीने विचारलं.

टॅमसिन हमसून हमसून रडली. वर्षातून एकदा तो बोलायला येत होता आणि ही बया नुसती करवादत होती. खाली "कसा आहेस?" एवढं लिहायला हिचं काय जात होतं!

दुपारी तिने फ्लॅग काढला. कारण लिहावं लागतं, तिने नेहमीचंच लिहिलं: "कुणी वापरत नाही." बदल कुणाकुणाला कळवायचा त्या यादीत मूळ कोड लिहिणारा म्हणून लीथचं नाव आपोआप आलं. ते तिने तसंच ठेवलं, पाठवलं, आणि तासभर मेल उघडून बसून राहिली.